पुस्तकं चाळिसाव्या पानाशी का थांबतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४३, चाकणला नोकरी, कंपनीच्या बसमध्ये जाताना पाऊण तास आणि येताना पाऊण तास हाताशी. शाळेत असताना रहस्यकथा एका बैठकीत संपवायचात. आता मित्रांनी दिलेल्या यादीतली सहा पुस्तकं विकत आणली, त्यात दोन जाड ऐतिहासिक कादंबऱ्या, आणि एकही चाळिसाव्या पानापुढे सरकली नाही. लोकांना पुस्तकांत नेमका कसला आनंद मिळतो आणि माझा कुठे गेला, असं तुम्ही विचारलंय.

सार्वजनिक वाचनालयात देवघेव विभाग सांभाळणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे उत्तर त्या टेबलावरून देतो. तुमचा आनंद गेला असं मला वाटत नाही. तुम्हाला ज्या तऱ्हेचा आनंद मिळतो त्या तऱ्हेचं पुस्तक त्या सहांत नसावं, किंवा असलंच तर ते बसच्या पाऊण तासात मावणारं नसावं. पुस्तक बदलायला आलेले चार सभासद चार निराळ्या गोष्टींसाठी वाचत असतात. एकाचं जीव की प्राण असलेलं पुस्तक दुसऱ्याला दिलं की ते चार दिवसांत परत येतं, आणि नेणारा उगाच खजील होतो.

आधी एक साधी गोष्ट तपासा. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं आणि ते इतकं हळूहळू होतं की पुष्कळांना वाटतं, वाचनावरचं मनच उडालंय. आपल्या लिपीत अक्षराच्या वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरं. टाइप बारीक असला की आधी तेच पुसट होतं. डोळे ताणून वाचणारा माणूस दहा मिनिटांत थकतो आणि दोष पुस्तकाला देतो. तुम्ही पुस्तक हातभर लांब धरून वाचत असाल, किंवा संध्याकाळच्या दिव्यात 'द्ध' आणि 'ध्द' यांतला फरक दिसत नसेल, तर पुस्तकांचा विचार नंतर, आधी चष्म्याचा नंबर. हलत्या बसमध्ये मान खाली घालून मळमळत असेल, तर तोही निराळा मामला. तिथे कितीही चांगलं पुस्तक दिलं तरी उपयोग नाही.

आता मुद्द्याचं. परत आलेलं पुस्तक हातात घेतलं की ते कशासाठी वाचलं गेलं याचा बराच अंदाज येतो. रहस्यकथेचा कणा मधोमध मोडलेला असतो, कारण ती उताणी टाकून माणूस फक्त चहापुरता उठलेला असतो. ललित लेखांच्या पुस्तकात चार-पाच ठिकाणी कोपरे दुमडलेले दिसतात. पाककृतींच्या पुस्तकाची ठरावीक पानं हळदीने पिवळी. आणि जाड कादंबरी आडवी धरून तिची कड पाहिली, तर पुष्कळदा पहिली चाळीस-पन्नास पानं बोटांनी मळलेली आणि त्यापुढची कोरी पांढरी असतात. म्हणजे चाळिसाव्या पानाशी तुम्ही एकटे थांबलेले नाही. तिथे का थांबायला होतं ते पुढे सांगतो. त्याआधी लोक वाचतात कशासाठी ते पाहू.

सर्वांत ओळखीचा आनंद म्हणजे 'पुढे काय होणार' हा. रहस्यकथा, भयकथा, साहसकथा आणि बऱ्याचशा ऐतिहासिक कादंबऱ्याही यावरच चालतात. हा आनंद वेगावर जगतो. मनात एक प्रश्न लटकत ठेवायचा आणि उत्तर लांबवत न्यायचं, हे लेखकाचं तंत्र. पण तो प्रश्न वाचकाच्या डोक्यात जिवंत राहायला सलग वेळ लागतो. झोपण्यापूर्वी रोज दहा मिनिटं वाचली, तर कोण कुणाचा भाचा हे आठवण्यातच निम्मी मिनिटं जातात. अशा पुस्तकाची सुरुवातीची तीस-चाळीस पानं एका बैठकीत व्हायलाच हवीत. मग ते आपोआप ओढतं, आणि पुढचं तुकड्या-तुकड्यांत वाचलं तरी चालतं. शाळेत तुमच्या हाती येणाऱ्या रहस्यकथा शे-सव्वाशे पानांच्या असणार आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार मोकळी असणार. तुमच्या 'एका बैठकीत'मागे गोडी होती तशी ती मोकळी दुपारही होती.

दुसरा आनंद सोबतीचा, आणि याची दखल सर्वांत कमी घेतली जाते. विनोदी लेख, व्यक्तिचित्रं, आठवणी, प्रवासवर्णनं वाचणाऱ्यांना पुढे काय होणार याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्यांना एक आवाज हवा असतो. बोलका, ओळखीचा, आपल्याशी गप्पा मारणारा. एकटे राहणारे ज्येष्ठ सभासद अशी पुस्तकं पुन्हा पुन्हा नेतात. काहीजण ठरावीक पानावर, समजा १७ नंबरच्या, पेन्सिलीने एक बारीक फुली किंवा आद्याक्षर करून ठेवतात, म्हणजे पुस्तक आधी वाचलंय की नाही ते कळतं. कपाटापाशी उभं राहून ते १७वं पान उघडतात, आपली खूण दिसते, आणि तरी तेच पुस्तक घेऊन टेबलाशी येतात. ग्रंथपाल म्हणून पुस्तकावर खुणा करू नका असं मला सांगावंच लागतं, पण त्या खुणेतून जे कळतं ते नोंदवहीतून कळत नाही. शेवट माहीत असूनही वाचण्यात हे जे सुख आहे, त्याला संशोधनाचाही थोडा आधार आहे. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या दोन संशोधकांनी वाचकांना काही लघुकथांचे शेवट आधीच सांगून टाकले. त्या वाचकांना कथा सरासरीने कमी नव्हे, थोड्या जास्तच आवडल्या. म्हणजे उत्कंठा हा वाचनाचा एक भाग झाला. तो काढून घेतला तरी बरंच काही उरतं.

तिसरा आनंद दुसऱ्याच्या आयुष्यात शिरण्याचा. आपण ज्या घरात कधी जाणार नाही त्या घराच्या स्वयंपाकघरापर्यंत पुस्तक नेतं. मराठीत हे काम आत्मकथनांनी फार ताकदीने केलंय. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं आणि त्यानंतर दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाला अशी आयुष्यं दाखवली जी तोवर छापील पानावर जवळजवळ नव्हतीच. त्याही आधीपासून स्त्रियांची आत्मचरित्रं हे करत आली आहेत. इथे अडचण येते ती बोलीची. पहिल्या दहा पानांत अनोळखी शब्द इतके भेटतात की प्रमाण मराठीची सवय असलेला वाचक अडखळतो आणि पुस्तक मिटतो. उपाय सोपा आहे: पहिली पाच-सहा पानं मोठ्याने वाचा. डोळ्याला परकी वाटणारी बोली कानाला बरीच ओळखीची असते, आणि लय एकदा बसली की पुढे मनात वाचलं तरी ती चालू राहते. प्रत्येक शब्दाचा अर्थ शोधत बसू नका. तोच शब्द तिसऱ्यांदा आला की अर्थ संदर्भातून उलगडतो. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची आहे का तेवढं मात्र आधीच पाहून ठेवा.

भाषेचा आनंद याला लागूनच आहे. कवितेचा वाचक सबंध संग्रह संपवत नाही, एक कविता दोनदा वाचतो आणि पुस्तक मिटतो. कवितासंग्रह कादंबरीसारखा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एका दमात वाचायला गेलं की पंधराव्या कवितेपर्यंत सगळ्या सारख्याच वाटू लागतात. दिवसाला दोन-तीन पुरे.

जाणून घेण्याच्या आनंदाबद्दल फार सांगायला नको, तो तुमच्या ओळखीचा असणार. फक्त एक: माहितीचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलंच पाहिजे असा नियम नाही. अनुक्रमणिका पाहा, आपल्याला ज्याचं कुतूहल आहे ते प्रकरण आधी वाचा, मग मागे-पुढे जा. पुष्कळ मराठी पुस्तकांत शेवटी विषयसूची नसते, त्यामुळे हव्या त्या मजकुराचा पानक्रमांक आतल्या कोऱ्या पानावर (स्वतःच्या प्रतीत!) टिपून ठेवण्याची सवय उपयोगी पडते. संदर्भ विभागात येऊन विश्वकोशाचा एक खंड काढायचा, मध्येच कुठेतरी उघडायचा आणि एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर जात तासभर बसायचं, असं करणारेही वाचक असतात. तेही वाचनच.

आणि एक आनंद चौघांत वाचण्याचा. मनातल्या मनात, एकट्याने वाचणं हीच खरी रीत असं आपण आता धरून चालतो. पण श्रावणात पोथी लागते तेव्हा एकजण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो आणि बाकीचे ऐकतात. ज्ञानेश्वरीचं पारायण सात दिवस मांडी घालून एकत्र चालतं, तिथे नऊ हजारांच्या आसपास ओव्या एकट्याने वाचण्याचा दम कितीजणांना असेल? दिवाळी अंकांचंही तसंच. १९०९ साली संपादक का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनच्या या प्रथेत अंक घरातल्या चारपाच हातांतून फिरतो आणि त्यावर बोलणं होतं. वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनेत वर्गणी भरणारे बरेच सभासद एरवी वर्षभर पुस्तक नेत नाहीत, पण अंक मात्र पाळीपाळीने सगळे वाचून काढतात. त्यांना छोटा मजकूर आणि बोलायला माणसं हवी असतात. अशा माणसाच्या हाती पाचशे पानांची कादंबरी दिली की ती पडून राहणार.

पुस्तकं विकत घेण्याचा, ती कपाटात लावण्याचा आनंद वेगळा असतो हेही सांगून ठेवतो. तो खरा आहे, त्यात वावगं काही नाही. पण त्याला वाचनाशी जोडलं की न वाचलेलं प्रत्येक पुस्तक डोळ्यांना टोचू लागतं.

हे सगळे आनंद एकाच माणसात वेगवेगळ्या वयात सापडतात, आणि एकाच पुस्तकात दोन-तीन मिसळलेलेही असतात. आजारपणात, घरात दुःख झालेलं असताना, नोकरीच्या धावपळीत गरज बदलते. त्यामुळे तुम्हाला अमुक एक आवडेल असं इथून ठामपणे सांगणं शक्य नाही. पण शोधायचं कसं ते सांगता येतं.

नव्या सभासदाला मी 'कुठल्या प्रकारची पुस्तकं आवडतात' असं विचारत नाही. त्या प्रश्नावर माणसं भारदस्त उत्तर देतात. त्याऐवजी तीन गोष्टी विचारतो. एक, शेवटचं कोणतं पुस्तक स्वतःला न ढकलता पूर्ण झालं? ते शाळेतलं असलं तरी चालेल, पातळ असलं तरी चालेल. दोन, त्यातलं आज काय आठवतं? घटनेचं वळण आठवत असेल तर पहिला आनंद, एखादा माणूस किंवा लेखकाची बोलण्याची तऱ्हा आठवत असेल तर सोबतीचा, घर-गाव-जेवण आठवत असेल तर दुसऱ्याच्या आयुष्याचा, वाक्य आठवत असेल तर भाषेचा. तीन, आता वाचणार कधी आणि एका वेळी किती मिनिटं? हा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच कुणी विचारत नाही.

तुमच्यापुरता हिशोब करून पाहू. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराच्या मराठी पुस्तकाच्या पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द असतात. सवय सुटलेल्या माणसाला एका पानाला दीड ते दोन मिनिटं लागतात. बसच्या पाऊण तासातून चढणं-उतरणं, शेजाऱ्याशी दोन शब्द, फोन हे वजा केलं तर हाती अर्धा तास. म्हणजे पंधरा ते वीस पानं. संध्याकाळी थकवा असतो, उजेड कमी असतो, तिथे शून्य धरा. सहाशे पानांच्या कादंबरीला असे तीस-चाळीस दिवस लागतील, म्हणजे सुट्ट्या धरून दीड-दोन महिने. आणि ऐतिहासिक कादंबरीत पहिली चाळीस-पन्नास पानं घराणी, नाती, हुद्दे आणि जागा मांडण्यात जातात. कथेला ओढ लागते ती त्यानंतर. तुम्ही तिसऱ्या दिवशी चाळिसाव्या पानावर पोचता, मध्ये शनिवार-रविवार येतो, सोमवारी पुस्तक उघडता तेव्हा नावं पुसली गेलेली असतात. दोष तुमचाही नाही आणि कादंबरीचाही नाही. जोडी चुकली आहे.

पंधरा-वीस पानांत काय मावतं? एक कथा. म्हणून बससाठी कथासंग्रह घ्या, शक्यतो रहस्याच्या किंवा घटनाप्रधान कथांचा, कारण तुमच्या आठवणीत गोडी त्याचीच आहे. जोडीला व्यक्तिचित्रांचं एखादं पुस्तक. पुस्तक दीडशे-दोनशे पानांचं असावं, टाइप मोठा असावा आणि एका हातात धरता यावं. जाडजूड पुस्तक बसमध्ये धरून मनगट भरून येतं, ही बाब किरकोळ वाटते पण पुस्तक पिशवीतच राहण्याचं ते नेहमीचं कारण आहे. संध्याकाळच्या बसला डोळे मिटून ऐकण्याची पुस्तकं करून पाहा. उत्कंठेची आणि सोबतीची पुस्तकं ऐकायला छान लागतात. कविता आणि माहितीची पुस्तकं तितकी नाही, कारण तिथे थांबून मागे जावं लागतं.

विकत आणण्यापूर्वी जवळच्या वाचनालयात नाव घाला. वर्गणी एका पुस्तकाच्या किमतीपेक्षा सहसा कमीच असते आणि अनामत परत मिळते. मुख्य म्हणजे चुकीचं पुस्तक परत करण्याची सोय असते. मुक्तद्वार असेल, म्हणजे सभासदांना कपाटांपर्यंत जाऊ देत असतील, तर स्वतः निवडा. पुस्तक मध्येच कुठेतरी उघडून एक पान उभ्या-उभ्या वाचा. मलपृष्ठावरच्या स्तुतीवर जाऊ नका. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांत 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' आणि 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' हे दोन आहेत. गाठ पडेपर्यंत दोन-चार पुस्तकं परत जाणारच, हे आम्ही गृहीत धरलेलं असतं.

किती पानं वाट पाहायची? अमेरिकेतल्या सिएटलच्या माजी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम प्रसिद्ध आहे: पन्नास पानं द्या, नाही जमलं तर सोडा, आणि वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करून येतील तेवढीच पानं द्या. मी यात थोडा बदल सुचवेन. रहस्यकथेने तीस पानांत धरलं नाही तर ती पुढेही धरणार नाही. कथासंग्रहाला दोन कथा द्या, पण पहिल्याच दोन नकोत, एक मधली घ्या. ऐतिहासिक कादंबरीला मात्र ऐंशी पानं द्यावीत, नाहीतर तिच्यावर अन्याय होतो.

तुम्ही ओझरतं आणखी एक विचारलंय: कादंबरी वाचून मिळतं काय? अमेरिकन अभ्यासक लुईझ रोझनब्लॅट यांनी वाचनाचे दोन कल सांगितले आहेत. एकात पुस्तक मिटल्यावर हाती काय उरणार याकडे लक्ष असतं, दुसऱ्यात वाचताना काय अनुभवतो याकडे. दिवसभर अहवाल, सूचनापत्रकं वाचणाऱ्याचं मन पहिल्या कलाला इतकं सरावतं की कादंबरी हातात घेतल्यावरही ते 'मुद्दा काय' असं विचारत राहतं. २०१३ साली 'सायन्स' नियतकालिकात एक अभ्यास आला होता की साहित्यिक कथा वाचल्यावर दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची क्षमता लगेच वाढते. तो फार गाजला, पण पुढे इतर गटांनी तेच प्रयोग केले तेव्हा तसाच परिणाम दिसला नाही. तेव्हा औषधाच्या डोसासारखी कादंबरी घेऊ नका. वर्षाला पन्नास पुस्तकांचं लक्ष्यही नको. आकडा गाठायच्या नादात माणूस पातळ पुस्तकं शोधतो आणि रमण्याची जागा आली की घाई करतो.

त्या दोन जाड कादंबऱ्या देऊन टाकू नका. दिवाळीत किंवा मे महिन्यात कंपनी बंद असेल तेव्हा एक सकाळ मोकळी ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत, आणि त्यांतली एकच घ्या. चाळिसाव्या पानापासून नाही, पहिल्यापासून. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर नावं आणि नाती लिहीत जा, म्हणजे अमुक हा तमुकचा मेहुणा, अमक्या किल्ल्यावर आहे, एवढंच. तोच कागद खूण म्हणून पुस्तकात ठेवा. त्या सकाळी ऐंशी पानं झाली तर उरलेली कादंबरी बसमध्येही वाचता येईल. नाही झाली, तर मित्राला विचारा की त्याला त्यातलं नेमकं काय आवडलं. उत्तरात त्याचा आनंद कोणता ते कळेल, आणि त्याच्या यादीतलं पुढचं पुस्तक घ्यायचं की नाही ते ठरवता येईल.